पेनड्राइव्हवरून चालणारा संगणक कक्ष : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२५

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि संगणक कक्षाचा लांबलेला प्रश्न पुन्हा समोर आला. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि आमच्या कक्षातला एकही पीसी या अटीत बसत नाही. त्यात भर म्हणजे निम्म्याहून अधिक पीसींच्या हार्ड डिस्क खराब झाल्या आहेत. काहींमधून आवाज येतो, काही मध्येच दिसेनाशा होतात. मात्र प्रोसेसर, रॅम, मॉनिटर आणि कीबोर्ड सुस्थितीत आहेत. केवळ डिस्क गेली म्हणून चालता पीसी भंगारात घालणे मला पटत नाही.

मुख्याध्यापिका बाईंशी बोलून असे ठरले की हार्ड डिस्कची केबल काढून ठेवायची आणि प्रत्येक पीसी पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. कार्यप्रणाली डेबियन लिनक्स असेल. प्रत्येक पीसीत नवी एसएसडी घालण्याचा पर्यायही चर्चेत होता, पण पेनड्राइव्हचा एक मोठा फायदा मला महत्त्वाचा वाटतो : एक नमुना नीट तयार झाला की त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, आणि एखादी प्रत बिघडली तर तास चालू असतानाच दुसरी लावता येते. घरी जुना पीसी असलेल्या विद्यार्थ्यालाही तीच प्रत देता येईल.

पीसी चार प्रकारचे आहेत. सर्वांत जास्त आहेत ते कोअर टू ड्युओचे, जुन्या बायोसचे (पीसी चालू होताच सर्वांत आधी चालणारे, बोर्डावरच असलेले फर्मवेअर), २ जीबी रॅम असलेले. त्यानंतर चौथ्या पिढीच्या कोअर आय ३ चे, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेले नवे) फर्मवेअर आणि ४ जीबी रॅम असलेले. देणगीत आलेला ॲटम प्रोसेसरचा एक छोटा लॅपटॉप आहे आणि त्याहून जुने, केवळ ३२ बिट चालणारे एक नेटबुक आहे. एकच पेनड्राइव्ह या सर्वांवर, निदान पहिल्या तीन प्रकारांवर, सुरू झाला पाहिजे, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

१२ नोव्हेंबर २०२५

कोणताही पेनड्राइव्ह तयार करण्यापूर्वी बूट होण्याची, म्हणजे पीसी चालू होऊन कार्यप्रणाली सुरू होण्याची, प्रक्रिया कागदावर मांडून घेतली. पुढे येणारी प्रत्येक अडचण कोणत्या टप्प्यावरची आहे हे ओळखता आले नाही, तर नुसते सेटिंग बदलत बसण्यात वेळ जाईल, म्हणून ही नोंद मुद्दाम सविस्तर करतो.

जुन्या बायोसची पद्धत अगदी थोडक्यातली आहे. पीसी चालू झाल्यावर बायोस स्वतःची तपासणी करते, ठरलेल्या क्रमाने साठवणुकीची साधने पाहते आणि ज्या साधनाच्या पहिल्या सेक्टरच्या (साठवणुकीच्या सर्वांत लहान तुकड्याच्या) शेवटी ५५ आणि एए हे दोन बाइट आहेत, त्याचा तो ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत ७सी०० या षोडशमान पत्त्यावर उतरवून त्याच्या हाती कारभार देते. या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट सूचनांसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या (डिस्कच्या विभागांच्या) तक्त्यासाठी आणि उरलेले दोन त्या खुणेसाठी असतात. ४४६ बाइटांत फार काही मावत नाही, म्हणून हा तुकडा आपल्याहून मोठा तुकडा वाचतो आणि तो पुढे कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, शोधतो. बायोसला फाइल किंवा फोल्डर यांची काहीही माहिती नसते, तिला केवळ सेक्टर ठाऊक असतात.

यूईएफआय वेगळे वागते. ते फॅट प्रकारची पार्टिशन वाचू शकते. काढता-घालता येणाऱ्या साधनावर ते ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’ फोल्डरात ठरावीक नावाची फाइल शोधते : ६४ बिट फर्मवेअरसाठी ‘बूटएक्स६४’ आणि ३२ बिट फर्मवेअरसाठी ‘बूटआयए३२’, दोन्हींच्या शेवटी ‘ईएफआय’ हा विस्तार. येथे पहिल्या सेक्टरातील सूचनांना काहीही महत्त्व नाही. त्यामुळे एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही व्यवस्था एकमेकींना धक्का न लावता नांदू शकतात, आणि आमच्या प्रकल्पाचा सगळा आधार या एका गोष्टीवर आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की पेनड्राइव्ह एकदा नव्हे, दोनदा शोधला जातो. पहिल्यांदा तो फर्मवेअर शोधते; त्याच्याच मदतीने ग्रब हा बूटलोडर कर्नेल आणि इनिट्रॅमएफएस नावाची छोटी प्राथमिक प्रणाली मेमरीत आणतो. कर्नेलने ताबा घेतला की फर्मवेअरची वाचनव्यवस्था बाजूला पडते, आणि कर्नेलला आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरने यूएसबी कंट्रोलर जागा करून तोच पेनड्राइव्ह पुन्हा नव्याने शोधावा लागतो. हार्ड डिस्कच्या बाबतीतही हे घडते, पण तेथे डिस्क जागची हलत नाही आणि लगेच सापडते. यूएसबीवर साधन ओळखायला काही सेकंद लागतात, त्याचे नाव दर वेळी तेच राहील याची खात्री नसते, आणि पोर्ट कमकुवत असेल तर दुसऱ्या शोधाच्या वेळी ते गायबही असू शकते. म्हणून पुढील सर्व नोंदींत बिघाड पहिल्या शोधातला की दुसऱ्या शोधातला, हे आधी लिहिले जाईल.

१४ नोव्हेंबर २०२५

बाजारातून ३२ जीबीचे पेनड्राइव्ह आणले. वापरण्याआधी प्रत्येकाची एफ३ या मुक्त साधनाने तपासणी केली. हे साधन पूर्ण क्षमतेएवढी माहिती लिहून ती परत वाचते आणि जुळवून पाहते. आणलेल्यांपैकी एक पेनड्राइव्ह ३२ जीबी असल्याचे सांगतो, परंतु त्याची खरी साठवण त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नाही, असे निष्पन्न झाले. अशा पेनड्राइव्हवर सुरुवातीचा भाग नीट लिहिला जातो, त्यामुळे बूटही होते, आणि नंतर एखादा प्रोग्राम उघडताना स्क्वॅशएफएसच्या, म्हणजे संपूर्ण प्रणाली दाबून ठेवलेल्या फाइलीच्या, वाचनाच्या चुका येऊ लागतात. तेव्हा दोष कार्यप्रणालीचा वाटतो. दुकानदाराने तो विनातक्रार बदलून दिला. नव्या खरेदीची अशी तपासणी वेळखाऊ असली तरी ती टाळू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

डेबियन १३ ची लाइव्ह आयएसओ फाइलही (डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या प्रणालीची एका फाइलीतली प्रत) उतरवून घेतली. ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. उतरवलेल्या फाइलचा शा-५१२ ठसा (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) डेबियनने दिलेल्या यादीशी जुळवला आणि त्या यादीवरील स्वाक्षरीही डेबियनच्या किल्लीने तपासली. केवळ ठसा जुळवणे पुरेसे नाही, कारण जो फाइल बदलू शकतो तो शेजारची यादीही बदलू शकतो.

प्राथमिक चाचणीसाठी ही आयएसओ ‘डीडी’ कमांडने एका पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली. आयएसओ मुळात सीडीसाठीची रचना आहे आणि सीडीवरून बूट करण्याचा एल टोरिटो हा संकेत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये मांडला. परंतु आजच्या लिनक्स आयएसओ संकरित असतात, म्हणजे त्यांच्या पहिल्या सेक्टरात बायोसला हवा तो मजकूरही आधीच घातलेला असतो, म्हणूनच ‘डीडी’ने नुसती प्रत उतरवली तरी पेनड्राइव्ह सुरू होतो. ‘डीडी’ वापरताना दोन गोष्टी पाळल्या. लिहिण्याआधी ‘एलएसबीएलके’ने साधनाचे नाव व क्षमता पाहून घेतली, कारण ही कमांड चुकीच्या डिस्कवरही तितक्याच तत्परतेने लिहिते. आणि शेवटी ‘सिंक’ पूर्ण होईपर्यंत पेनड्राइव्ह काढला नाही, कारण पडद्यावर काम संपल्याचे दिसले तरी बराच मजकूर तोवर रॅममध्येच असू शकतो.

बहुतेक पीसींवर ही तयार प्रत चालली. आता आमची स्वतःची प्रत करायची आहे.

१७ नोव्हेंबर २०२५

आज पेनड्राइव्हवरील पार्टिशनांची रचना ठरली. पार्टिशनांच्या तक्त्याची पद्धत जीपीटी की एमबीआर, यात एमबीआर निवडले. एमबीआरची २ टीबीची मर्यादा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हला लागू होत नाही, जुन्या बायोसना तोच तक्ता समजतो आणि यूईएफआयलाही तो चालतो.

खरा विचार पार्टिशनांच्या क्रमावर करावा लागला. विद्यार्थी आपले लेखन याच पेनड्राइव्हवर ठेवतील आणि ते गावातल्या सायबर कॅफेत प्रिंट काढायला नेतील, तेथे अजून विंडोज ७ आहे. पेनड्राइव्हवर एकाहून अधिक पार्टिशन असल्यास विंडोज केवळ पहिलेच दाखवत असे. ही मर्यादा विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ या आवृत्तीपासून गेली. म्हणून विद्यार्थ्यांच्या फाइलींचे पार्टिशन पहिले ठेवले आणि बूटचे दुसरे, फॅट३२ प्रकारचे. बूटच्या पार्टिशनला ‘सक्रिय’ ही खूण दिली आहे, कारण ही खूण कुठल्याच पार्टिशनवर नसेल तर काही जुनी बायोस पेनड्राइव्हला बूट करण्याजोगी डिस्क मानतच नाहीत.

लिनक्सचे ईएक्सटी४ पार्टिशन विद्यार्थ्यांच्या प्रतींवर ठेवायचे नाही, असेही ठरवले. विंडोजला ते ओळखता येत नाही आणि ‘डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी सूचना पडद्यावर येते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने अशा वेळी ‘हो’ म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. तशी वेळच येऊ न देणे हे आमचे काम आहे.

पहिले पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू केले, त्यामुळे सुरुवातीला १ एमबी जागा मोकळी राहते. बायोससाठीच्या ग्रबचा दुसरा तुकडा याच मोकळ्या जागेत बसतो.

२० नोव्हेंबर २०२५

बूटच्या पार्टिशनवर ग्रब तीन वेळा, तीन रूपांत बसवला : बायोससाठी, ६४ बिट यूईएफआयसाठी आणि ३२ बिट यूईएफआयसाठी. यूईएफआयच्या दोन्ही वेळी ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय दिला, म्हणजे फाइली त्या ठरावीक नावांनीच बसतात आणि पीसीच्या फर्मवेअरमध्ये नवी नोंद करण्याचा प्रयत्न होत नाही. पीसी कोणताही असो, पेनड्राइव्हने त्याच्या आत काहीही लिहून ठेवू नये, हा नियम मी पहिल्यापासून पाळतो आहे.

एक बारकावा पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. सिक्युअर बूटसाठी (मान्य स्वाक्षरी नसलेले काही सुरू होऊ न देणारी फर्मवेअरची सोय) डेबियन स्वाक्षरी केलेला तयार ग्रब देते. त्यात बदल केला तर स्वाक्षरी निरुपयोगी ठरते, म्हणून तो आपली मांडणीची फाइल कोठे शोधतो हे आपल्याला बदलता येत नाही. तो ती ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘डेबियन’ या फोल्डरात शोधतो. तेथे दोन ओळींची छोटी फाइल ठेवून तिने पुढे मुख्य मांडणीकडे वळवायचे, एवढाच उपाय पुरतो. ही फाइल नसेल तर ग्रब सुरू होतो, पण मेनूऐवजी नुसती कमांड विचारणारी ओळ दिसते, आणि पाहणाऱ्याला पेनड्राइव्ह बिघडला असे वाटते.

मेनूत मराठी मजकूर घालण्याचा विचार सोडून दिला. ग्रबच्या पडद्यावर देवनागरीतील वेलांट्या आणि जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, आणि लिनक्सच्या साध्या कन्सोलवर तर देवनागरी दिसतच नाही. तुटकी मराठी दाखवण्यापेक्षा मेनूत तीन छोट्या इंग्रजी ओळी ठेवल्या. डेस्कटॉप सुरू झाल्यावर मात्र सर्व काही मराठीत असेल.

२४ नोव्हेंबर २०२५

‘लाइव्ह-बिल्ड’ वापरून आमची प्रणाली तयार केली. डेस्कटॉपसाठी एलएक्सक्यूटी घेतला, कारण २ जीबी रॅमवर तो मोकळेपणाने चालतो. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, लहान वर्गांसाठी जीकॉम्प्री, देवनागरीचे लोहित फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि नव्याने शिकणाऱ्यांसाठी उच्चारानुसार टंकनाची सोय घातली. पूर्ण प्रणाली स्क्वॅशएफएस या दाबलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या एकाच फाइलीत जाते. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, परंतु अनावश्यक पॅकेजे काढल्यावर आमची फाइल दीड जीबीच्या आतच राहिली.

दाबण्याच्या पद्धतीवर थोडा वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला. एक्सझेड पद्धतीने फाइल सर्वांत लहान होते, पण वाचताना प्रोसेसरवर ताण येतो. कोअर टू ड्युओवर लिब्रेऑफिस उघडताना हा ताण स्पष्ट जाणवला. झेडस्टँडर्डने फाइल थोडी मोठी झाली आणि प्रोग्राम लक्षात येण्याइतके लवकर उघडू लागले. पेनड्राइव्हवर जागा भरपूर आहे, प्रोसेसर मात्र जुने आहेत, म्हणून झेडस्टँडर्डच ठेवले.

इनिट्रॅमएफएस तयार करताना त्यात केवळ या पीसीचे ड्रायव्हर न घालता सर्व सामान्य कंट्रोलरांचे ड्रायव्हर ठेवले आहेत. त्याने आकार वाढतो, पण दुसरा शोध याच ड्रायव्हरांवर अवलंबून असल्यामुळे येथे काटकसर करणे परवडणारे नाही.

२७ नोव्हेंबर २०२५

कोअर टू ड्युओच्या पीसींवर पहिल्या चाचण्या केल्या. मेनू लगेच येतो, पण ओळ निवडल्यावर पडदा मिनिटाहून अधिक काळ स्थिर राहतो, आणि त्यानंतर मात्र सर्व काही वेगाने पुढे सरकते. पाहणाऱ्या लॅब सहायकाने पीसी अडकला असे समजून तो बंदही केला होता.

कारण पहिल्या शोधाच्या भागात आहे. या बोर्डांची बायोस पेनड्राइव्हशी यूएसबी १.१ च्या वेगाने बोलते. कागदोपत्री हा वेग सेकंदाला १२ मेगाबिट आहे, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम १ एमबी. कर्नेल आणि इनिट्रॅमएफएस मिळून ७० एमबीच्या आसपास जातात, आणि ते सर्व ग्रब बायोसमार्फतच वाचतो. मिनिटभराचा हिशेब तेथेच लागतो. कर्नेलने ताबा घेतल्यावर यूएसबी २.० चा ड्रायव्हर चालू होतो आणि तोच पेनड्राइव्ह, त्याच पोर्टवर, सेकंदाला २५ ते ३० एमबी वाचू लागतो.

यांपैकी काही बोर्डांच्या बायोसमध्ये यूएसबी २.० कंट्रोलरचा ‘फुल स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असा पर्याय सापडला. नावावरून ‘फुल’ म्हणजे सर्वाधिक वाटते, परंतु यूएसबीच्या परिभाषेत ‘फुल स्पीड’ हा १२ मेगाबिटचा जुना वेग आहे आणि ‘हाय स्पीड’ हा ४८० मेगाबिटचा. पर्याय बदलताच तो स्थिर पडद्याचा काळ काही सेकंदांवर आला. ज्या बोर्डांवर हा पर्याय नाही तेथे मेनूनंतर ‘थांबा, एक मिनिट लागेल’ अशा अर्थाची ओळ ग्रबमधूनच दाखवली आहे, म्हणजे कोणी मध्येच बटण दाबणार नाही.

१ डिसेंबर २०२५

आजचा बिघाड दुसऱ्या शोधातला. एका पीसीवर मेनू आला, कर्नेल सुरू झाले, आणि त्यानंतर लाइव्ह फाइल प्रणाली असलेले माध्यम सापडत नाही असा संदेश देऊन प्रणाली इनिट्रॅमएफएसच्या कमांड ओळीवर थांबली. तोच पेनड्राइव्ह शेजारच्या पीसीवर निर्दोष चालत होता.

पेनड्राइव्ह फर्मवेअरला सापडला आणि कर्नेलला सापडला नाही, हे उघड होते, म्हणून त्याच कमांड ओळीवर कर्नेलचे संदेश वाचले. यूएसबी साधन जोडले जाते, हाय स्पीडवर जाण्याचा प्रयत्न करते, पत्ता घेताना चूक येते, तुटते आणि पुन्हा जोडले जाते, असे चक्र दिसत होते. बायोस हळू वेगाने वाचत असल्यामुळे तिला अडचण आली नव्हती. वेग वाढताच पोर्टची दुबळी जोडणी उघडी पडली. पेनड्राइव्ह पुढच्या बाजूच्या पोर्टमध्ये होता, आणि तो पोर्ट कॅबिनेटच्या आतून लांब, सैल झालेल्या केबलने बोर्डाला जोडलेला आहे. पेनड्राइव्ह मागच्या, थेट बोर्डावरील पोर्टमध्ये लावल्यावर अडचण राहिली नाही.

यानंतर सर्वच पीसींवर बूटचा पेनड्राइव्ह मागच्या पोर्टमध्येच लावायचा असे ठरवले. शिपाई काकांनी कॅबिनेटे भिंतीपासून हातभर पुढे ओढून दिली, त्यामुळे मुलांना मागे हात घालता येतो.

३ डिसेंबर २०२५

कोअर टू ड्युओच्या काही पीसींवर बूटचा क्रम रोज सकाळी मूळ पदावर येत होता. बोर्डावरील सीआर२०३२ सेल संपलेले होते. जुन्या बायोसमध्ये बूटचा क्रम आणि घड्याळ दोन्ही याच ३ व्होल्टच्या सेलवर जगतात, म्हणून मेन स्विच बंद झाला की सर्व विसरले जाते. सेल बदलले. तारीख चुकीची असल्यास वेबसाइटची प्रमाणपत्रेही अवैध दिसतात, तो त्रासही यामुळे मिटला.

८ डिसेंबर २०२५

यूईएफआयच्या पीसींवर बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहिलेला आणि एकदा नुसता. हे दोन पेनड्राइव्ह नसून बूट होण्याचे दोन मार्ग आहेत. दोन्ही मार्ग चालतात, पण आम्ही यूईएफआयचा ठरवला आहे, कारण तेथे मेनू व कर्नेल दोन्ही लवकर वाचले जातात. प्रणाली कोणत्या मार्गाने सुरू झाली हे नंतर तपासायचे असेल तर ‘सिस’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ हा फोल्डर आहे का, हे पाहावे. तो असेल तर यूईएफआय.

सिक्युअर बूट चालू ठेवूनच चाचणी घेतली. फर्मवेअर आधी ‘शिम’ हा छोटा प्रोग्राम चालवते. त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते. शिम पुढे डेबियनच्या किल्लीने ग्रब आणि कर्नेल तपासतो. आमची प्रत यातून विनासायास पार पडली. कपाटातला जुना दुरुस्तीचा पेनड्राइव्ह मात्र एका पीसीवर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश देऊन थांबला. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या अद्यतनाने जुन्या, त्रुटी सापडलेल्या शिमना नकार देणारी नोंद फर्मवेअरमध्ये लिहिली होती, आणि हार्ड डिस्क काढली तरी ती नोंद बोर्डावर राहते. उपाय एकच : नव्या शिमची प्रत वापरणे. या विषयावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. शिमवरील स्वाक्षरीमागचे मायक्रोसॉफ्टचे २०११ चे प्रमाणपत्र जून २०२६ मध्ये मुदत संपवते आणि नव्या स्वाक्षऱ्या २०२३ च्या प्रमाणपत्राने होऊ लागतात. ते नवे प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या बोर्डांवर पुढील वर्षीची प्रत करताना आधी एका पीसीवर पडताळणी केली जाईल.

कार्यालयाच्या लॅपटॉपवर हा पेनड्राइव्ह चालवून पाहण्याची विनंती आली होती, ती मी नाकारली. त्यावर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे, आणि सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लागला तर विंडोज पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली हाताशी असल्याशिवाय त्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये कोणीही जाऊ नये.

११ डिसेंबर २०२५

छोट्या लॅपटॉपचा प्रोसेसर ६४ बिट आहे, फर्मवेअर मात्र ३२ बिट. म्हणूनच तयार मिळणारे बरेचसे ६४ बिट पेनड्राइव्ह त्याच्या मेनूत दिसतही नाहीत : तो ‘बूटआयए३२’ शोधतो आणि ती फाइल तेथे नसते. आमच्या तिसऱ्या ग्रबचा उपयोग येथे झाला. ३२ बिट ग्रब ६४ बिट कर्नेल चालू करू शकतो, कारण लिनक्स कर्नेलमध्ये अशा मिश्र जोडीची सोय २०१४ पासून आहे. सिक्युअर बूट तेवढे येथे बंद करावे लागले.

नेटबुकचा प्रोसेसरच ३२ बिट आहे. डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसींसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर राहिलेले नाहीत, म्हणून त्याच्यासाठी डेबियन १२ ची वेगळी प्रत करून त्यावर ठळक लेबल लावले.

१६ डिसेंबर २०२५

वीज अचानक जाणे ही आमच्याकडे रोजची बाब असल्यामुळे त्याची चाचणी मुद्दाम घेतली. मुले टंकत असताना मेन स्विच बंद केला आणि पुन्हा चालू केला. प्रणाली प्रत्येक वेळी स्वच्छ सुरू झाली. तिची मूळ फाइल केवळ वाचली जाते आणि सत्रात होणारे बदल ओव्हरलेएफएसच्या साहाय्याने रॅममध्ये जातात, म्हणून वीज गेल्याने प्रणालीचे काही बिघडू शकत नाही. बिघडू शकते ते फाइलींचे पार्टिशन. त्यासाठी लिब्रेऑफिसमध्ये दर दोन मिनिटांनी जतन होण्याची सोय केली आणि ते पार्टिशन लिहिलेले लगेच पेनड्राइव्हवर जाईल अशा रीतीने जोडले. लिहिण्याचा वेग थोडा कमी झाला, निबंध आणि तक्ते यांना तो पुरेसा आहे.

४ जीबीच्या पीसींसाठी मेनूतल्या दुसऱ्या ओळीत ‘टूरॅम’ हा पर्याय ठेवला आहे. त्यात संपूर्ण स्क्वॅशएफएस फाइल सुरुवातीलाच रॅममध्ये येते. पाऊण ते एक मिनिट जास्त लागते, पण नंतर प्रोग्राम तत्काळ उघडतात आणि पेनड्राइव्हवरचे वाचन जवळजवळ थांबते. २ जीबीच्या पीसींवर ही ओळ निवडू नये.

५ जानेवारी २०२६

नाताळच्या सुट्टीत सर्व प्रती काढल्या आणि आज पूर्ण वर्गाचा तास घेतला. तासात आढळलेली अडचण मला सर्वांत बोधप्रद वाटली.

शिक्षकांचा पीसीही याच प्रतीवर चालतो. प्रिंट काढण्यासाठी एका विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह त्यात आधीपासून लावलेला होता आणि त्या स्थितीतच पीसी सुरू झाला. प्रिंट निघाली, विद्यार्थ्याने आपला पेनड्राइव्ह काढला, आणि शिक्षकांचा डेस्कटॉप जागीच गोठला. शिक्षकांचा पेनड्राइव्ह तर मागच्या पोर्टमध्ये लावलेलाच होता. फर्मवेअरने पहिल्या शोधात शिक्षकांचा पेनड्राइव्ह घेतला होता, परंतु दुसऱ्या शोधात कर्नेलला विद्यार्थ्याचा आधी सापडला. दोन्ही प्रती बाइटागणिक सारख्या, फोल्डरांची नावे सारखी, पार्टिशनांचे यूयूआयडीही (ओळखीचे अनुक्रमांक) सारखे. कर्नेलला त्यांतला फरक कळण्याचे काही कारणच नव्हते.

उपाय दोन पातळ्यांवर केला. शिक्षकांच्या प्रतीवरील लाइव्ह प्रणालीच्या फोल्डराचे नाव बदलले आणि कर्नेलला दिल्या जाणाऱ्या ओळीत ‘लाइव्ह-मीडिया-पाथ’ने तेच नाव सांगितले, त्यामुळे विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर ते नाव नसल्याने तो आता निवडला जाऊच शकत नाही. ग्रबलाही आपले पार्टिशन यूयूआयडीने न शोधता याच फोल्डरातील फाइलीवरून शोधायला सांगितले. शिवाय प्रती काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रत लिहून झाल्यावर दोन्ही पार्टिशनांना नवा अनुक्रमांक देण्याची पायरी घातली. दुपारी दोन्ही पेनड्राइव्ह लावून, वेगवेगळ्या पोर्टांत अदलाबदल करून, तपासणी केली. शिक्षकांचा पीसी प्रत्येक वेळी आपल्याच पेनड्राइव्हवर राहिला.

कक्षाच्या दारामागे एक तक्ता लावला आहे. मेनूच दिसत नसेल तर बूटचा क्रम, सेल आणि पोर्ट पाहावा. मेनू दिसून पुढे ‘माध्यम सापडत नाही’ असे आले तर मागचा पोर्ट आणि दुसरा पेनड्राइव्ह वापरून पाहावा. डेस्कटॉप आल्यानंतर प्रोग्राम अडखळत असतील तर पेनड्राइव्हची एफ३ ने तपासणी करावी. प्रत्येक पीसीचे बूट मेनूचे बटण त्याच्या कॅबिनेटवर कागद चिकटवून लिहिले आहे, कारण ते कोठे एफ१२, कोठे एफ९ तर कोठे एफ८ आहे.

पुढील अद्यतनाची प्रत मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी तयार होईल. पेनड्राइव्हवरील जुन्या फाइलींना हात न लावता केवळ दुसरे पार्टिशन नव्याने लिहिणारी स्क्रिप्ट तयार आहे. ती लॅब सहायकांनी स्वतः, मी शेजारी नसताना, एकदा चालवून पाहावी असे आज ठरले.